मातृभोजनानंतर

मुंजीत मातृभोजनाचा विधी असतो. मुहूर्ताआधी आई मुलाला शेजारी बसवून आपल्याच पानातलं भरवते. वरणभात, तूप, एखादी जिलबी. फोटोवाल्याची घाई असते, मावश्या-काकू कौतुकाने बघत असतात. या जेवणाचा मूळ अर्थ मात्र कठोर आहे. यापुढे हा मुलगा आईच्या पानात जेवणार नाही. तो गुरुगृही जाईल, भिक्षा मागेल, आणि पहिली भिक्षा त्याला आईनेच वाढायची.

आजची मुंज दुपारी आटोपते आणि संध्याकाळी बटू आईलाच चिकटून झोपतो. खरी ताटातूट आता एसटी स्टँडवर होते. जूनमध्ये, पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन. नवोदय विद्यालयात मूल सहावीला येतं, आश्रमशाळेत तर पहिलीलाच. तिथे मंत्र नसतात, मुहूर्त नसतो. पेटीवर ऑइलपेंटने नाव घातलेलं असतं आणि वळकटीत आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी असते. पहिल्या रात्री दिवे गेल्यावर मूल ती डोक्यावरून ओढून घेतं. थंडी नसते. गोधडीला घरातल्या चुलीचा वास असतो.

शास्त्राने या वयातल्या निघण्याला दुसरा जन्म म्हटलं आहे. पण या जन्मासाठी घर सुटावंच लागतं का?

छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू बाराव्या वर्षी घराबाहेर पडला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ मानेने परतला. ज्या एकाच्या ज्ञानाने न ऐकलेलंही ऐकल्यासारखं होतं, ते तू विचारलंस का, असं वडिलांनी, उद्दालकांनी, त्याला विचारलं. त्याला उत्तर देता आलं नाही. मग वडाचं फळ फोडून, पाण्यात मीठ विरघळवून वडिलांनीच त्याला ते शिकवलं, घरी. बारा वर्षांच्या दुराव्याने जे दिलं नाही ते बापाजवळ मिळालं. नुसतं दूर पाठवल्याने माणूस घडतो, या समजुतीला उपनिषदातच असा छेद गेलेला आहे.

मग गुरुगृहात असं काय होतं? अथर्ववेदाच्या ब्रह्मचर्यसूक्तात एक विलक्षण प्रतिमा आहे: आचार्य शिष्याला गर्भासारखा आपल्या पोटात तीन रात्री वाढवतो. म्हणजे ज्याच्या घरी मूल जातं त्याने आधी आई व्हायचं. आपण या प्रतिमेतला वियोग तेवढा लक्षात ठेवला, पोट विसरलो.

काहींनी ते विसरू दिलं नाही. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात होते तेव्हा मुलांची अंथरुणं आवरून ठेवत, कपडेही धूत. ‘श्यामची आई’ लिहिली गेली ती नंतर, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात.

आणि हा दुसरा जन्म कुणाला मिळावा, हा प्रश्न साताऱ्यात सुटला. परंपरेने तो मूठभरांपुरता राखून ठेवला होता. भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि कामंही स्वतःच करत. घरी ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्याच्याच हातची भाकर इथे पानात पडे. पोरांना जेवायला घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. या मुलांचं मातृभोजन त्यांनी रोज घातलं, असं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

पोट नसलेला वियोग काय करतो ते कॅनडात दिसलं. तिथल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुलं घातली गेली. त्यांचे केस कापले, त्यांची भाषा बोलायला बंदी केली. हजारो मुलं परतलीच नाहीत. सरकारने २००८ मध्ये माफी मागितली. ही गोष्ट दूरची म्हणून सोडून देता येत नाही. गडचिरोलीतलं माडिया बोलणारं किंवा मेळघाटातलं कोरकू बोलणारं पोर आश्रमशाळेत येतं तेव्हा त्याला रात्री पोटात दुखतंय हे कुणाला, कोणत्या भाषेत सांगायचं, हाच त्याचा पहिला धडा असतो. त्याची भाषा बोलणारी एखादी मावशी स्वयंपाकघरात असली तर तीच त्याची खरी आचार्य.

रुळणं एका दिवसात होत नाही. आधी शेजारच्या कॉटवरच्याचं नाव कळतं, मग घंटेआधी जाग येते, मग घरून आलेला चिवडा वाटून खाल्ला जातो. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी येतं, आईच्या समोर जेवायला बसतं आणि सहज बोलून जातं, “आमच्याकडे आमटीत एवढं तिखट नसतं.” ‘आपल्याकडे’ नाही, ‘आमच्याकडे’. आईचा वाढता हात क्षणभर थांबतो, आणि मग ती विचारते, “बरं, अजून काय काय करतात तुमच्याकडे?”