साधनशुचिता

'साधनशुचिता' हा शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा 'चहा घेणार का?' हा प्रश्नही ऐकला नसेल. आमच्या पिढीच्या कानांवर तो शाळेच्या संमेलनात पडला, वसंत व्याख्यानमालेत पडला, झेंडावंदनाला उन्हात उभं असताना पडला. वक्ता खादीतला, टेबलावर तांब्या-भांडं, आणि मुद्दा ठरलेला : नुसतं साध्य चांगलं असून भागत नाही, साधनही शुद्ध हवं. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहिलं, त्यात साधन म्हणजे बी आणि साध्य म्हणजे झाड, असा दृष्टान्त दिलेला आहे. आम्ही टाळ्या वाजवायचो. मग तोच वक्ता संस्थेच्या निवडणुकीला उभा राहायचा आणि त्याचं बी कुठल्या दुकानातलं आहे ते गावाला कळायचं.

हा शब्द अक्षरशः आचरणात आणायला निघालेला माणूस मला भेटला तो अमेरिकेत, डेन्व्हर गावी, मोटारीच्या गॅरेजात. तो माझा भाचा. आणि त्याचं साध्य काय, तर घरच्या घरी बिअर.

दचकू नका. तिथे त्यात बेकायदा काही नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात वाण्याच्या दुकानात माल्टच्या पाकाचे डबे राजरोस मिळत, आणि ते पाव भाजायला नेले जात, असं सगळे शपथेवर सांगत. त्या तेरा वर्षांत अमेरिकेने पाव किती खाल्ले असतील ते देव जाणे! बंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली, बिअर मात्र लटकली. ती सुटली १९७८ साली. कायद्यावर सही कोणाची? जिमी कार्टर यांची. म्हणजे व्हाइट हाऊसच्या मेजवान्यांतून कडक दारू हद्दपार करणाऱ्या बाप्टिस्ट गृहस्थाची! एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. विकायची मात्र नाही. राज्यांनी आपापल्या सवडीने मान डोलावली. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी तर २०१३ साली. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात नुसतं प्यायचं तरी परवाना लागतो. तेव्हा हा लेख वाचून कोणी न्हाणीघरात बादल्या मांडू नयेत. मी सोडवायला येणार नाही.

तर भाच्याने बिअर करायची ठरवली आणि पहिल्यांदा काय केलं? यादी. मराठी माणूस कुठलाही छंद यादीपासून सुरू करतो आणि पुष्कळदा तिथेच संपवतो. आमच्या वाड्यात एकांना गाणं शिकायचं होतं. त्यांनी आधी पेटी घेतली, मग पेटीला खोळ शिवली, मग खोळीवर सरस्वती भरून घेतली. 'सा' लावायचं तेवढं राहिलं. आजकाल घराघरांत चालण्याचं यंत्र असतं. त्याच्यावर टॉवेल फार छान वाळतात. साधन वाढलं की साधना घटते, असा काही निसर्गनियम असावा.

दुकानात भाच्याबरोबर मीही गेलो. दुकान कसलं, प्रयोगशाळाच! एका बाजूला शंभरेक डॉलरचा नवशिक्यांचा खोका. त्यात एक झाकणाची प्लास्टिकची बादली, एक नळी आणि चार किडूकमिडूक वस्तू. मधे काचेचे मोठाले बुधले. आणि पलीकडे, देवघरात ठेवावीत अशी लखलखीत स्टीलची, खाली निमुळती, नळ लावलेली पिंपं, आणि आकड्यांत तापमान दाखवणारे विजेचे हंडे. किंमत हजाराच्या वर. भाचा थेट पलीकडे गेला आणि एका पिंपावर हात ठेवून उभा राहिला. आमची अक्का, म्हणजे त्याची आई, त्याला मुली दाखवत होती तेव्हासुद्धा त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला नव्हता.

"मामा, एकदाच घ्यायचं तर चांगलंच घ्यावं ना?"

मध्यमवर्गाचा हा महामंत्र आहे. ह्याच मंत्राने आपण सोफा घेतो आणि त्याच्यावरचं प्लास्टिक न काढता दहा वर्षं त्यावर घामाघूम होऊन बसतो.

दुकानातला दाढीवाला सज्जन होता. त्याने विकण्याऐवजी समजावून सांगितलं. बिअर म्हणजे काय? आपण नाचणीचं सत्त्व करताना मोड आणतो तसे जवाला मोड आणून वाळवायचे. तो माल्ट. त्याचा अर्क पाण्यात घालून तासभर उकळायचा, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं टाकायची, काढा गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. पुढचं काम यीस्टचं. ते साखर खातं, दारू आणि वायू सोडतं. तुम्ही फक्त त्याच्या वाटेत यायचं नाही.

ह्याला लागतं काय? वीस लिटरचं एक पातेलं. तेवढ्याहून जरा मोठी झाकणाची बादली. झाकणात बसणारा पाण्याचा छोटा सापळा. त्यातून आतला वायू बाहेर जातो, बाहेरचं आत काही येत नाही. (पुष्कळ वक्त्यांच्या डोक्याची रचना अशीच असते.) एक थर्मामीटर. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर, त्यामुळे तिथे पाणीसुद्धा पंच्याण्णव अंशांवर उकळून मोकळं होतं. काढा ओतून घ्यायला नळी, बुचं ठोकायला दांडा, पन्नासेक तपकिरी बाटल्या. पांढऱ्या बाटलीत उजेड शिरतो आणि हॉप्सला घाण वास येतो. आणि एक हायड्रोमीटर. ही काचेची कांडी मला फार आवडली. काढ्यात सोडली की ती सांगते, साखर किती आहे. सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१० आली की समजायचं, बिअर झाली, सव्वापाच टक्क्यांची. आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या भरायच्या. घाई केली तर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि बाटल्या फुटतात. एवढी प्रामाणिक वस्तू माणसाच्या छातीत का बसवत नाहीत?

"आणि ह्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे स्वच्छता," दाढीवाला म्हणाला. काढा उकळेपर्यंत सगळं माफ. एकदा गार झाला, की त्याला जे जे शिवेल ते ते आधी घासलेलं आणि मग निर्जंतुक केलेलं हवं. घासणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. महागडं पिंप नीट धुतलं नाही तर त्यात महागडं आंबोण होतं. साधी बादली धुतली तर तिच्यात उत्तम बिअर होते. फक्त तारेच्या काथ्याने घासायची नाही, ओरखड्यांत जंतू बसतात.

मी तिथल्या तिथे त्याला मनातल्या मनात वसंत व्याख्यानमालेचं निमंत्रण दिलं.

ह्याला शास्त्राधार आहे. १८७०-७१च्या युद्धात फ्रान्स हरला. त्या रागात लुई पाश्चर यांनी चंग बांधला, की फ्रेंच बिअर जर्मन बिअरच्या तोडीची करून दाखवीन. १८७६ साली त्यांचा बिअरवरचा ग्रंथ निघाला. बिअर नासते ती नको त्या जंतूंमुळे, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे बघा, साध्य काय, तर शेजाऱ्यावर सूड! पण साधन असं चोख, की सूड राहिला बाजूला आणि शहाणपण साऱ्या जगाच्या, अगदी त्या जर्मनांच्याही, उपयोगी पडलं.

एवढं सगळं मी रात्री फोनवर अक्काला सांगितलं. अक्काने शांतपणे ऐकून घेतलं.

"पातेलं कुठलं घेणार म्हणतोय?"

घरात वीस लिटरचं एकच पातेलं होतं. तिथल्या मंडळींच्या गणपतीत त्यात मसालेभात होतो.

"प्रसादाच्या पातेल्यात दारू?" अक्काचा आवाज पुण्याहून फोनशिवायही आला असता. नवल म्हणजे दाढीवाल्यानेही हेच सांगितलं होतं. भांड्याला तेलाचा अंश राहिला तर बिअरवर फेस टिकत नाही. दोन धर्मशास्त्रांचं एकमत झालं आणि नवं पातेलं आलं.

पण अक्का थांबली नव्हती. "साधन शुद्ध झालं रे, साध्याचं काय?"

ह्या प्रश्नावर मी गप्प झालो. घासूनपुसून केलेली गोष्ट चांगलीच असते असं नाही. आणि ज्या गांधीजींचा शब्द घेऊन मी मिरवत होतो, ते दारूबंदीचे केवढे आग्रही! आमच्याकडे पत्र्याचा डबा, रबरी नळी आणि बाटल्या सापडल्या की पोलीस त्याला मुद्देमाल म्हणतात. इथे त्याच जिनसा खोक्यात घालून वर फीत बांधली की ती वाढदिवसाची भेट होते. फरक आहे, नाही असं नाही. हातभट्टीत गाळप होतं, विक्री होते, आणि पिणाऱ्याच्या पोटात काय जाईल याचा भरवसा नसतो. १९७८च्या कायद्यानेही गाळपाला सूट दिली नाहीच. पण गडचिरोलीत लोक उठले आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी करून घेतली, तेव्हा त्यातल्या बायका काही बाटली निर्जंतुक केली होती का, हे विचारत नव्हत्या. त्या विचारत होत्या, की पिऊन आलेल्याचं घरात काय करायचं?

मी बराच विचार केला. (परदेशी मामाला दुसरं काम नसतं.) आणि मला आमच्या आजीची लोणच्याची बरणी आठवली. धुऊन, पुसून, उन्हात वाळवून मगच ती भरायची. ओल्या हाताने बरणीला शिवायचं नाही. पाश्चर न वाचता बाई पाश्चरच्या पुढे होती. पण ह्याच घरात भांडी घासायला एक बाई येत. त्यांनी राखेने लख्ख घासलेली भांडी घरातली माणसं पुन्हा पाण्याने विसळून घेत, तेव्हा ती 'शुद्ध' होत. जिच्या हातून घाण जाते तिचाच हात अशुद्ध! बरणीची स्वच्छता जंतूंकडे बघत होती, विसळण्याची स्वच्छता माणसाकडे बघत होती. दोन्हींना आम्ही एकच शब्द वापरत होतो. यीस्टला हा फरक कळतो. ते विचारतं, बादली धुतली का? कोणी धुतली, हे नाही विचारत.

यीस्टने नाही विचारलं तरी माणसाने मात्र विचारावं. कारण दारूने उठलेल्या घरातली गोष्ट काय असते? पितो एक आणि धुते दुसरी. त्याचे कपडे, ती जमीन, ती अब्रू, सगळं तीच धुते. संस्थेत, राजकारणात तरी वेगळं काय? मेजवानी एकाची आणि खरकटं दुसऱ्याचं. साधन शुद्ध आहे की नाही हे मग स्टील आहे की प्लास्टिक, यावरून ठरत नाही. ते धुणार कोण, यावरून ठरतं. आणि जो स्वतः धुतो त्याचं साध्यही फार हाताबाहेर जात नाही. पन्नास बाटल्या आतून बाहेरून धुतलेला माणूस एकट्याने पिण्याच्या नव्हे, पाठ शेकण्याच्या अवस्थेत असतो. बाटल्या मग तो मित्रांनाच वाटतो, आणि रिकाम्या परत मागतो.

हे तत्त्वज्ञान मी भाच्याला ऐकवणार होतो. पण माझ्याआधी भाचेसूनबाईंनीच निकाल दिला होता. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "हवं ते घे, अगदी ते पिंपसुद्धा. फक्त धुणार तू. दर वेळी. आणि गॅरेजपण."

भाच्याने पिंपाकडे एकदा बघितलं. त्याचे नळ, त्याच्या झडपा, त्याचे कोपरे मोजले. आणि बादली घेतली.

पंधरा दिवस ती बादली गॅरेजात बुडबुडत होती. मग बाटल्या भरल्या, आणखी पंधरा दिवस त्या ठेवल्या. मी ताकाच्या पलीकडे आंबवलेलं काही पीत नाही, त्यामुळे चवीबद्दल माझी साक्ष नाही. शेजाऱ्यांनी मात्र रिकाम्या बाटल्या धुऊन परत आणून दिल्या. मला वाटतं, ह्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नसावं.

अक्काला मी हे सगळं कळवलं. ती घटकाभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "बिअर नको होती करायला. पण पस्तिसाव्या वर्षी का होईना, भांडी घासायला शिकला ना? तुझ्या मेव्हण्यांना विचार, लिंबाचं सरबत तरी करून बघतायत का."