न पिणारा नवरा

चंद्रपूर-गडचिरोलीकडे सोयरीक जुळवताना मुलगा निर्व्यसनी आहे असं कळलं की अर्धी पसंती तिथेच होते. यामागे बायकांनी सोसलेली वर्षं आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातही ती व्हावी म्हणून कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामी यांच्यासोबत २०१० मध्ये बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठलीही. त्या लढ्याचं मोल कमी नाही. पण नवरा पारखायचं आपल्याकडे तेवढं एकच माप उरलं, आणि त्या मापात एक प्रकारचा माणूस हमखास पास होतो: न पिणारा, गोड बोलणारा, चारचौघांत नम्र, आणि घरात स्वतःपलीकडे कोणीच न दिसणारा.

दारुड्याच्या बायकोला दोष बाटलीवर तरी टाकता येतो. शुद्धीतल्या माणसाची बायको दोष स्वतःवर घेते. सुरुवातीला त्याचे दिवसभर फोन, 'तुझ्यासारखी कोणी नाही' हे पालुपद. तिला वाटतं, किती जीव लावतो! मग मे महिन्यात ती पहाटे उठून तेंदूपत्ता तोडते, सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधते, आणि फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या केंद्रावर, तो सांगतो, "यंदा मी एवढे पुडके केले." पैसे त्याच्या खात्यात. तिनं त्यातले दोनशे मागितले की चार दिवस अबोला. शेवटी माफी तीच मागते; कशाची, ते तिलाही सांगता येत नाही. कंटाळून माहेरी आली तर आई विचारते, "मारते का? पेते का? मंग काहून आलीस?"

अशा माणसाला 'नार्सिसिस्ट' म्हणायची हल्ली पद्धत आहे. कोणाशी पटलं नाही की चिकटवला शब्द. विकार आहे की नाही ते मनोविकारतज्ज्ञानं ठरवावं. आरशात रमणारा प्रत्येक जण काही त्यात मोडत नाही. मी एवढंच बघेन, 'नाही' ऐकल्यावर तो काय करतो. साधा स्वार्थी माणूस चिडतो आणि विसरतो. हा हिशेब ठेवतो. तिला ताप आला तरी म्हणतो, "बरा माझ्याच कामाच्या दिवशी येतो!" तिचं दुखणंसुद्धा त्याच्यावरचा अन्याय.

ही पारख लग्नाआधी घोळक्यात होऊ शकते. माडिया गोंडांच्या गोटुलात, म्हणजे तरुणांच्या एकत्र जमायच्या जागी, मुलंमुली एकमेकांना घोळक्यात पाहत आली. नाचताना पाय चुकला आणि सगळे हसले, तर हा हसतो की धुमसतो, हे तिथं दिसतं. (गोटुलाला फार सोवळ्यात बसवू नये, फसगत तिथंही होतच असणार.) मोबाइलवर जुळलेल्या नात्यात तो दाखवेल तेवढाच दिसतो, आणि मैत्रिणींपासून तिला तोडणं त्याला सोपं जातं.

अशा न मारणाऱ्या नवऱ्याविरुद्धही दाद मागता येते: २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा अपमान, टोमणे आणि पैसे अडवणं यांनाही हिंसा मानतो. लग्न न करता नवराबायकोसारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही तो लागू आहे. अबोल्याला साक्षीदार मिळणं कठीण. पण तिच्या तेंदूची मजुरी कोणाच्या पासबुकात जमा झाली, हे या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याला दाखवता येतं.