दुर्मिळ कोणासाठी?



गेल्या बैठकीनंतर चहा घेता घेता एक प्रश्न निघाला. वाट चुकलेल्याला पाहून आपल्याला आनंद व्हावा, हे बरं की वाईट? विषय पाखरांचा होता. आपल्यातल्या एक ताई लेकाकडं इंग्लंडात, नॉरफोकला राहून आल्यात, त्यांनी काढलेला.

नॉरफोक हा पूर्वेकडं समुद्रात पुढं आलेला परगणा. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत, पूर्वेचा वारा सुटला आणि वर धुकं-पाऊस आला, की दक्षिणेला निघालेले पक्षी भरकटून या किनाऱ्यावर उतरतात. त्यांत पहिल्याच प्रवासाला निघालेली पिल्लं पुष्कळ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लेकनीच्या वाळूवर हौशी श्रीमंत बंदुका घेऊन त्यांची वाट बघायचे. दुर्मिळ पक्षी मारायचा, पेंढा भरायचा, कपाटात ठेवायचा. 1926 साली शेजारच्या क्लाय गावची दलदल पक्ष्यांसाठी विकत घेऊन राखली गेली. हळूहळू बंदुका गेल्या, दुर्बिणी आल्या. पुढं 1970-80 च्या दशकांत क्लायमध्ये नॅन्सीज कॅफे नावाची खानावळ होती. देशभरातून तिथं फोन यायचे आणि जेवायला बसलेलंच कुणीतरी हातातला घास ठेवून उठायचं, आज कुठं काय दिसलं ते सांगायचं. अनोळख्याला आपल्या आनंदात असं सामील करून घेणं आम्हाला फार आवडलं.

तरी प्रश्न राहतोच. पक्षी दिसला, की हे लोक आपापल्या यादीत खूण करतात. मग कपाटाची जागा यादीनं घेतली, एवढंच ना झालं? आमच्यात यावर दोन तट पडले. काही म्हणाले, पाखराला वाऱ्यानं चुकवलं, बघणाऱ्यानं नव्हे. दुरून बघितलं तर त्याचं काय जातं? बाकीच्यांचं म्हणणं, समुद्र ओलांडून दमलेल्या पिल्लाभोवती शंभर माणसं उभी राहिली तर त्यानं किडा टिपायचा कधी? आम्हाला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण त्यासाठी बघणंच सोडावं, असं मात्र वाटत नाही. पाखरू निवांत खातंय तोवर खुशाल बघावं, बुजलं तर मागं फिरावं.

2008 च्या जानेवारीत क्लायमध्येच अमेरिकेतली एक पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याची चिमणी एका घराच्या बागेत आली. बघायला गर्दी लोटली. आलेल्यांनी गावच्या चर्चच्या दुरुस्तीसाठी सहा हजार पौंडांहून अधिक पैसे दिले आणि चर्चच्या काचेच्या खिडकीत त्या चिमणीचं चित्र बसलं. वाट चुकलेल्या एका जिवाचं असं देवघरात चित्र लागावं, याचं कौतुक वाटतं. पण तिथल्या रोजच्या चिमणीला असा मान कुणी द्यायचा?

आणि मग ताईंनी भोरडीचं सांगितलं. नॉरफोकला कधीतरी एखादी भोरडी चुकून येते. पिल्लू असेल तर अंगावर गुलाबी रंगही नसतो, नुसती मातकट मैना. तरी लोक लांबून गाड्या काढून येतात. आपल्या बेळगावच्या पूर्वेला, काळ्या रानात, याच भोरड्या हिवाळ्यात हजारोंनी उतरतात आणि ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफणीनं त्यांना हाकलतो. उन्हाळ्यात त्या जिकडं घरटी करतात, त्या चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ खातात म्हणून माणसं त्यांच्यासाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून देतात. पाखरू तेच. एकीकडं पाहुणा, एकीकडं चोर, एकीकडं गडी. यातलं एकही नाव त्यानं स्वतः घेतलेलं नाही.

गोफण मारणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. वर्षाचं पोट त्या कणसांवर आहे, आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचं त्या पाखरापायी काहीच जात नाही. प्रेम करणं त्याला स्वस्त पडतं, हे बैठकीत कुणीतरी बोललं आणि थोडा वेळ सगळे गप्प झाले. मग एका काकांनी विचारलं, शेताच्या बांधावर उभं राहून, नुकसान सोसूनही, त्या थव्याकडं कौतुकानं बघता येईल का? त्यांची स्वतःची चार एकर ज्वारी आहे. त्यामुळं उत्तर द्यायची घाई कुणी केली नाही.

पुढच्या बैठकीत शेती करणाऱ्या बंधू-भगिनींनीच यावर बोलावं, असं ठरलंय. सध्या माघ चालू आहे. थवे चैत्राच्या सुमाराला परत निघतील.