निकाल कोणाचा?



दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे दोन-तीन रविवार मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘किती पडले?’ उत्तर मुलाने द्यायचे असते, पण बहुतेक वेळा आईच ते देऊन टाकते. टक्के चांगले असले तर दशांशासकट आणि बेताचे असले तर ‘यंदा पेपर फार कडक तपासले म्हणे’ एवढ्या प्रस्तावनेसह. यात वावगे काही नाही. लेकराचे कौतुक आईने नाही करायचे तर कोणी करायचे? पण घरी गेल्यावर, दार लावून घेतल्यावर, एक वाक्य पुष्कळ घरांत उच्चारले जाते. आज त्याविषयी आपण थोडा विचार करू या. ते वाक्य असे: ‘तुझ्यासाठी आम्ही एवढं केलं, आणि तू आम्हांला हे दिलंस!’

या वाक्यात एक हिशेब दडलेला आहे. आईबापांचे कष्ट म्हणजे उसने दिलेले पैसे आणि मुलाचे गुण म्हणजे त्यांची परतफेड. आमचा प्रश्न एवढाच आहे की, असे देणे खरोखरच असते का? मूल आपल्या आईबापांना टक्के देणे लागते का?

वाक्याचा पहिला भाग खोटा नाही, हे आधीच कबूल केले पाहिजे. वसईतल्या आपल्या वाडवडिलांनी केळी, भाजी, फुले टोपल्यांत भरून पहाटेच्या गाडीने मुंबई गाठली. त्यांच्यापैकी अनेकांना शाळेची पायरी फार चढता आली नाही. त्यांनी मुलांना मॅट्रिक केले, मुलांनी नातवंडांना पदवीधर केले. कोणी बँकेत लागले, कोणी शाळेत, कोणी आखातात गेले. आजही बाप विरार लोकलच्या दारात उभा राहून रोजचा प्रवास करतो, आई नोकरी करून आल्यावर रात्रीचा स्वयंपाक करते, आणि क्लासच्या फीसाठी गळ्यातले सोने बँकेत तारण पडते. शिक्षणाने या समाजाला हात दिला आहे. त्यामुळे मार्कांची ओढ म्हणजे नुसता हव्यास, असे म्हणणाऱ्या शहाण्यांशी आम्ही सहमत नाही. ज्यांच्यामागे पिढीजात पैसा आहे त्यांना तसे म्हणणे सोपे जाते.

चूक आहे ती वाक्याच्या दुसऱ्या भागात. जे प्रेमाने दिले ते निकालाच्या दिवशी अचानक कर्ज ठरते. देताना मुलाला कोणी विचारलेले नसते आणि अटीही सांगितलेल्या नसतात. पाच वर्षांच्या पोराच्या हातात दप्तर देताना कोणती आई म्हणते की, याचे मी दहा वर्षांनी वसूल करीन?

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (१२:१४) संत पौल स्वतःविषयी बोलताना जाता जाता एक गोष्ट सांगून जातो. मुलांनी आईबापांसाठी साठवून ठेवायचे नसते, तर आईबापांनी मुलांसाठी साठवायचे असते, असा त्याचा आशय आहे. ‘मी तुमच्यावर भार होणार नाही’ हे पटवून देण्यासाठी तो हा दाखला देतो, म्हणजे त्या काळच्या ऐकणाऱ्यांनाही ही गोष्ट उघड वाटत असणार. प्रेमाचा प्रवाह वरून खाली वाहतो. तो खालून वर ओढायला लागलो की पंप लावावा लागतो, आणि घरात त्याचाच आवाज अधिक होतो.

यावर कोणी म्हणेल, मग चौथ्या आज्ञेचे काय? आईबापांचा मान राखायचा की नाही? राखायचा, यात शंकाच नाही. पण कॅथलिक ख्रिस्तसभेचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला धर्मशिक्षणग्रंथ याच चौथ्या आज्ञेखाली मुलांची कर्तव्ये सांगतो आणि पाठोपाठ आईबापांचीही सांगतो. मुलांकडे कृतज्ञता, आदर, लहानपणी आज्ञापालन आणि आईबाप थकल्यावर त्यांना आधार, एवढे मागितले आहे. हे खरे ऋण, आणि ते टक्क्यांनी फिटत नाही. आईबापांना मात्र तिथे (परिच्छेद २२३०) स्पष्ट सांगितले आहे की, मोठ्या होणाऱ्या मुलाने आपला व्यवसाय आणि जीवनमार्ग स्वतः निवडायचा आहे. आईबापांनी सल्ला जरूर द्यावा, मुलांनी तो मागावा आणि ऐकावा, पण व्यवसायाच्या किंवा जोडीदाराच्या निवडीत दडपण आणण्यापासून आईबापांनी दूर राहावे. जोडीदाराविषयीचे हे मार्गदर्शन आपल्याला निदान ऐकून माहीत असते. व्यवसायाचेही त्याच वाक्यात आहे, हे मात्र फार थोड्यांच्या कानांवर आले असेल.

आता जरा आकड्यांकडे पाहू. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर, म्हणजे सुमारे वीस मुलांमागे एक. ‘डॉक्टर झालास तरच आमचे पांग फिटले’ असे ज्या घरात ठरते, तिथे वीसपैकी एकोणीस मुले अभ्यासाला बसण्याआधीच कर्जबुडवी ठरलेली असतात. मग ती कितीही जागोत.

आणि ती जागतातच. सकाळी साडेसहाला घर सोडायचे, कॉलेज, तिथून क्लास, संध्याकाळी सात-साडेसातला परत, आणि मग गृहपाठ घेऊन बारा-एकपर्यंत. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तासांची झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. ही चैन नव्हे. दिवसभर शिकलेले डोक्यात पक्के होते ते झोपेतच. म्हणजे झोप मारून केलेला अभ्यास हा तळ फुटलेल्या घड्यात पाणी भरण्यासारखा आहे. जेवणाची तीच गत. न्याहारी न करता निघायचे, दुपारी वडापाव, रात्री पुस्तक हातात धरून दोन घास. मुलींच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. वर्गात डुलकी घेणारी, जिना चढताना धापा टाकणारी, ‘लक्षच लागत नाही’ म्हणणारी मुलगी आळशी असेलच असे नाही. तिचे हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे. ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात पडून राहू देऊ नये. आणि जेवणावर लगेच चहा पिण्याची आपली सवय मोडावी, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगाला नीट लागत नाही. लिंबू पिळले तर अधिक लागते.

याहून जड गोष्टही बोलली पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. या सगळ्यांच्या मागे परीक्षा होती असे नाही, आणि अशा मृत्यूला एकच एक कारण क्वचितच असते. पण ज्या मुलाच्या मनात ‘मी घरावर ओझे झालो आहे’ हा विचार घर करून बसतो, ते मूल धोक्यात असते, हे जाणकार एकमुखाने सांगतात. कर्जाची भाषा नेमका तोच विचार पेरते. मूल एकाएकी गप्प झाले, जेवण टाकू लागले, मित्रांना टाळू लागले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर जवळ बसून सरळ विचारावे, ‘जगणे नकोसे वाटते का?’ विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुधा मन मोकळे होते. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा. घरातली मोठी माणसेही तो वापरू शकतात.

‘मग काय, मुलांना मोकाट सोडायचे?’ हा प्रश्न आम्हांला अपेक्षित आहे, आणि तो रास्त आहे. मोबाइल हातात असताना पोर आपणहून पुस्तक उघडेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. पण शिस्त निराळी आणि वसुली निराळी. ‘रात्री दहानंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत’ ही शिस्त झाली. बापानेही आपला मोबाइल तिथेच ठेवला तर ती टिकते. ‘कमी पडले तर आम्ही तोंड कुठे दाखवू’ ही वसुली झाली. शिस्त मुलाच्या भल्याकडे पाहते, वसुली आपल्या तोंडाकडे. दोन्हींत आवाज चढतो, म्हणून त्या सारख्याच वाटतात.

मत्तयकृत शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला (२५:१४-३०) आपण अनेकदा ऐकला आहे. तो बहुतेक वेळा मुलांना ‘अभ्यास करा’ म्हणून सांगितला जातो. पण तो आईबापांनी वाचावा असा आहे. पाच तालांतांवर पाच कमावणाऱ्याला धनी जी शाबासकी देतो, अगदी तीच, शब्दालाही फरक न करता, दोनावर दोन कमावणाऱ्याला देतो. तेथे गुणवत्ता यादी नाही. आणि तिसऱ्याने आपला तालांत का पुरला? त्याने स्वतःच कारण दिले आहे: तो धन्याला कठोर समजत होता आणि त्याला भीती वाटली. धन्याने त्याला आळशी म्हटले हे खरे. पण आपल्या मुलांच्या मनातली आपली प्रतिमा कठोर सावकाराची आहे का, हे तपासून पाहायला हरकत नाही. भ्यालेले मूल आपले देणे मातीत पुरते. चित्र काढणारी मुलगी वही लपवते, यंत्रे खोलून जोडणारा मुलगा आयटीआयचे नाव काढायला धजत नाही.

आता थोडे आपल्या धर्मग्रामाविषयी. पॅरिशच्या वतीने होणारा गुणगौरव चालू राहावा, पहिल्या आलेल्या मुलांच्या मेहनतीला टाळ्या मिळाव्यात. पण त्या दिवशी दहावीला बसलेल्या सर्व मुलांची नावे एकदा वेदीसमोर घेतली जावीत आणि त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी, असे आम्हांला वाटते. दोन विषय राहिलेल्याचेही नाव त्यात असावे. तो मुलगा निकालानंतर काही रविवार मिस्साला येत नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ज्या संत जॉन मेरी व्हियानींना १९२९ साली जगभरच्या पॅरिशच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून घोषित करण्यात आले, त्यांना सेमिनरीत लॅटिन जमत नव्हते आणि गुरुदीक्षा मिळेपर्यंत १८१५ साल उजाडले. परीक्षार्थींचे पाठीराखे मानले जाणारे कुपर्तिनोचे संत जोसेफ यांच्याविषयी तर असे सांगतात की, त्यांना जेवढा एक भाग पाठ होता, तोच नेमका परीक्षकाने विचारला. (हा उपाय मुलांनी गृहीत धरू नये.)

राहता राहिला प्रवेशाचा विषय. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. अर्जाच्या पहिल्या भागात मुलाची माहिती आणि गुण भरायचे असतात, तर दुसऱ्या भागात कॉलेजांचा पसंतीक्रम. सायबर कॅफेत किंवा घरच्या संगणकावर हा दुसरा भाग भरताना खुर्चीवर मुलाला बसवावे आणि आपण शेजारच्या स्टुलावर बसावे. फी किती, जायला-यायला वेळ किती, घरची ऐपत किती, हे त्याला खरेखुरे सांगावे. पैशांची अडचण लपवू नये, ती सांगणे म्हणजे वसुली नव्हे. फीसाठी अडत असेल तर सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांशी किंवा फादरांशी वेळेवर बोलावे. ज्यांचे विषय राहिले आहेत त्यांच्यासाठी पुरवणी परीक्षा लगेच पुढच्या काही आठवड्यांत होते. तिचा अर्ज शाळेतूनच भरावा लागतो आणि मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या आठवड्यातच शाळेत जाऊन यावे. मुलाला एकट्याला पाठवू नये, बापाने सोबत जावे.