छायाचित्रात न मावलेले फूल

शास्त्रवाचन : यशया ३५:१-५



इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात लेकॉक नावाचे जुने खेडे आहे. १२३२ साली एला नावाच्या विधवा काउंटेसने तेथे व्रतस्थ भगिनींसाठी मठ स्थापन केला. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत तो बंद झाला व त्याचे राहते घर झाले. पुढे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हे त्या घराचे मालक झाले. १८३३ च्या ऑक्टोबरात इटलीतील कोमो सरोवराकाठी देखावा रेखाटताना त्यांच्या हाताला यश येईना. प्रकाशाने उमटणारी प्रतिमा कागदावर आपोआप टिकून राहिली तर किती बरे, असे त्यांना वाटले. १८३५ च्या ऑगस्टात लेकॉकच्या जाळीदार खिडकीचे त्यांनी घेतलेले चिमुकले छायाचित्र हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने निगेटिव्ह मानले जाते. (हेच टॅल्बट १८५७ साली एक अश्शूरी कीलाकृती लेख स्वतंत्रपणे उलगडणाऱ्या चौघा अभ्यासकांपैकी एक होते. आम्हा भाषांतरकारांना त्यांचे ऋण दुहेरी वाटते.)

काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या कामानिमित्त इंग्लंडला गेलो असता, मार्च महिन्यात मी पत्नीसह ते स्थळ पाहावयास गेलो. मठाच्या आवारात वृक्षांखाली जांभळे व पांढरे क्रोकस दाट फुलले होते. काचबिंदूमुळे पत्नीची दृष्टी तेव्हा बरीच मंदावली होती. तिला रंगाचा पट्टा दिसे, फूल दिसत नसे. म्हणून मी भराभर छायाचित्रे घेऊ लागलो : फुले, कमानदार ओवऱ्या, गावातील दगडी घरे, पलीकडची कुरणे.

“अहो, फूल कसं आहे, सांगा ना,” ती म्हणाली.

“घरी गेल्यावर मोठं करून दाखवतो.”

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले. मी तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. ती जाऊन बाकावर बसली.

वाळवंट फुलेल असे यशया सांगतो, तेथे फुलासाठी मूळ इब्री शब्द ‘हबत्सेलेत’ असा आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्याचा गुलाब झाला, अलीकडच्या कित्येक भाषांतरांत क्रोकस. त्या शब्दावर मी पानेच्या पाने टिपणे लिहिली होती. मात्र गुडघे टेकून क्रोकस कधी पाहिला नव्हता.

या अध्यायाचा क्रम ध्यानात घ्यावा. पहिल्या वचनात भूमी फुलते आणि आंधळ्यांचे डोळे उघडतात ते पाचव्या वचनात. मधल्या वचनांत आज्ञा आहे : गळालेल्या हातांना बळ द्या, भयभीत मनाला धीर द्या. फुलणे आणि दिसणे यांमधल्या काळात परमेश्वराने आपल्याला एकमेकांच्या हाती सोपवले आहे. छायाचित्र घेणे वाईट, असे मी म्हणत नाही. कोमोकाठची ती इच्छा मला आजही कृतज्ञतेचीच वाटते. माझी घाई मात्र वेगळी होती. पुढच्या वसंतात हिला हा पट्टाही दिसेल काय, या भीतीने मी फुले गोळा करीत होतो. उद्याची चिंता करू नका, असे प्रभूने रानफुलांच्याच संदर्भात सांगितले, ते त्या क्षणी मला आठवले नाही.

मी कॅमेरा पिशवीत ठेवला. तिला हात देऊन गवतापाशी आणले, खाली बसवले आणि सांगू लागलो. सहा पाकळ्या, जांभळ्या, त्यांवर गडद रेषा. मध्ये नारिंगी तुरा, आपल्या केशरासारखा. काश्मीरच्या केशराचाच हा सोयरा, पण केशर शरदात फुलते. तिने बोटाच्या टोकाने पाकळीची कड चाचपली. तेवढ्यात ढग आला. ऊन गेले की ही फुले हळूहळू मिटू लागतात.

“मिटलं का?”

“मिटतंय.”

“मग थांबू या. ऊन आलं की उघडेल.”

आम्ही थांबलो.