पोकलेनचा दर

पाणंद रस्त्याचं काम शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर येऊन थांबलं होतं. मेहकर तालुक्यातलं गाव, काळी चिकट जमीन, आणि सोयाबीन काढणीला महिनाच उरलेला. गावातल्या एका उनाड पोरानं ठेकेदाराकडे हप्ता मागितला, तो मिळाला नाही, आणि एका रात्री पोकलेनच्या डिझेल टाकीत वाळू पडली. कुणी पाहिलं नाही, पण कुणाचं काम ते सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रामसभेत सगळे मूग गिळून बसले.

ऑपरेटर गावचाच. "उद्या ट्रेलर येतो. मशीन नेतो," म्हणाला.

"अरे, अर्ध्या किलोमीटरसाठी काहून असं करतो?" सरपंचताई म्हणाल्या. "मशीन दुरुस्त झाली ना?"

"मशीन झाली ताई. मालकाचं मन नाही झालं."

मग तो गडचिरोलीचं सांगू लागला. 2019 साली तो तिकडे रस्त्याच्या कामावर होता. महाराष्ट्रदिनाच्या पहाटे कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून जास्त वाहनं जाळली. त्याच दिवशी तिकडे निघालेल्या जवानांची गाडी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगानं उडवली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेले. जवानांतले दोघे आपल्या बुलढाण्याचे, त्यातला एक मेहकरचा. हे सभेतल्या सगळ्यांना आठवत होतं. तालुका त्या दिवशी रडला होता.

"आमचा कॅम्प तिथून लांब. आमच्या मशीनला ओरखडासुद्धा नव्हता," ऑपरेटर म्हणाला. "तरी आठ दिवसांत मालकानं सगळी मशीनं उचलली. कुठं आणली? इथं. समृद्धी महामार्गावर. तुम्ही डिसेंबर 2022 पासून शिर्डीला सुसाट जाता ना, त्यातली थोडी माती तिकडून पळून आलेल्या मशीननं उकरलेली आहे. तिकडच्या गावात मुरूम पडला तेवढाच पडला."

आपण दहशतीचा हिशेब करतो तो गेलेल्यांचा आणि जळालेल्यांचा. जे आलंच नाही, न भरलेली निविदा, रुजूच न झालेला मास्तर, न पोहोचलेली ॲम्ब्युलन्स, त्याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही.

मागच्या रांगेतला एक वेल्डर उठला. त्याला एका एजंटानं मोझांबिकला न्यायचं ठरवलं होतं. काबो देल्गादो प्रांतात समुद्रातल्या गॅसचा वीस अब्ज डॉलरचा प्रकल्प, त्यात आपल्या सरकारी तेल कंपन्यांचाही वाटा. मार्च 2021 मध्ये अतिरेक्यांनी पाल्मा गावावर हल्ला केला आणि प्रकल्प चालवणाऱ्या फ्रेंच कंपनीनं काम बंद करून माणसं हलवली. "माझा पासपोर्ट तयार, अन् काम गायब. गॅस मात्र तिथंच, समुद्राखाली," तो म्हणाला. आफ्रिकेतल्याच माली देशात तर 2025 मध्ये इंधनाचे टँकर जाळले गेले आणि इंधनाअभावी देशभरातल्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. टँकर रस्त्यावर पेटला, कुलूप वर्गाला लागलं.

विणकराच्या घराण्यातले कापडवाले चाचा इतका वेळ गप्प होते. दर बाजाराला येत, म्हणून सभेलाही बसत. "आमच्या मेहकरचं सांगू? मोमीन लोक एवढे पैसेवाले होते की गावाला कोट स्वतःच्या खर्चानं बांधला. पुढे पेंढारी आले, मोठी खंडणी मागितली, गाव लुटलं. वरून 1803 चा दुष्काळ. पन्नासेक झोपड्या उरल्या म्हणतात." ते थांबले. "कोट बांधला तो पैसा मागाचाच होता, बेटा. राजाचं काम विणकरानं करायचं, मग विणायचं कुणी?"

सरपंचताईंनी इतिवृत्ताचं रजिस्टर पुढं ओढलं. "तक्रार ठाण्यात जाईल. माझ्या एकटीच्या नावानं नाही, गावाच्या नावानं."

पेन फिरलं. पहिल्या रांगेतल्या दोघांना अचानक जनावरं आठवली आणि ते उठून गेले. बचत गटाच्या बायांनी आधी सह्या केल्या, मग वेल्डरनं. मागून एक म्हातारा आला. त्या पोराचा बाप. त्याचं तीन एकर सोयाबीन त्याच अर्ध्या किलोमीटरच्या टोकाला होतं. त्यानं डावा अंगठा शाईत बुडवला, उठवला आणि कुणाकडे न पाहता जागेवर जाऊन बसला.

ऑपरेटरनं मालकाला फोन लावला. बराच वेळ "हो, हो" करत राहिला.

"काय म्हणतो? दर वाढवला का?" ताईंनी विचारलं.

"एकट्या सरपंचाची तक्रार असती तर वाढवला असता म्हणे. आता जुनाच दर. पण रात्री मशीनपाशी गावची दोन माणसं झोपायची, आणि टाकीच्या कुलपाची किल्ली ग्रामपंचायतीत राहायची."

"पहिल्या रात्री कोण?" ताईंनी सभेला विचारलं.