चाकराकडून काम कसें घ्यावें?

केवळ धनी किंवा केवळ चाकर असा मनुष्य जगांत विरळा. जो सालगडी दिवसभर मालकाचा शब्द झेलतो, तोच सायंकाळीं घरीं येऊन आपल्या मुलांस हुकूम सोडतो. जो मुकादम रस्त्यावरील मजुरांवर डोळे वटारतो, तोच साहेबापुढें हात जोडून उभा राहतो. शाळेचा मुख्य शिक्षक, मंडळीचा पाळक, घरांतील सासू, सोसायटीचा चेअरमन, ह्या सर्वांस कोणाकडून तरी काम करून घ्यावें लागतें. म्हणून हाताखालच्या माणसाकडून काम कसें घ्यावें, हा प्रश्न शहरांतील गिरणीमालकांचाच आहे असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. तो खेड्यापाड्यांतील प्रत्येक उंबरठ्यावर उभा आहे.

ह्या प्रश्नास लोक बहुधा कसबाचा प्रश्न समजतात. कोणी म्हणतो, “धाक असल्यावांचून माणूस हालत नाहीं.” कोणी म्हणतो, “चार पैसे जास्त द्या, म्हणजे आपोआप काम होईल.” तिसरा म्हणतो, “गोड बोलून काम काढावें.” आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्न कसबाचा असण्यापूर्वीं नीतीचा आहे. पराणी हातीं घेणाऱ्या गाडीवानानें बैलाविषयीं एक मत आधींच ठरविलेलें असतें. तसेंच, आपण समोरच्या माणसास काय समजतों, हें आपल्या काम घेण्याच्या रीतीवरून उघड होतें. गेल्या सुमारें सव्वाशें वर्षांत पुष्कळ विद्वानांनीं ह्या विषयावर प्रयोग केले व ग्रंथ लिहिले. त्यांतील मुख्य गोष्टी पाहिल्या असतां आपल्या कामीं येतील.

अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर (१८५६-१९१५) नांवाचा एक यंत्रशास्त्रज्ञ होऊन गेला. १८९९ सालीं तो पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत होता. तेथें मजूर सुमारें ९२ पौंड वजनाचे लोखंडाचे ठोकळे उचलून आगगाडीच्या डब्यांत भरीत. टेलर सांगतो कीं, एक मजूर दिवसाकाठीं १२.५ टन लोखंड भरीत असे. परंतु केव्हां उचलावें, केव्हां चालावें व केव्हां बसावें हें वरच्या माणसानें सांगितलें आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर नेली, तेव्हां निवडलेला मजूर ४७.५ टन भरूं लागला. ह्या हकीकतीच्या तपशिलाविषयीं पुढील संशोधकांनीं शंका घेतल्या आहेत. तथापि १९११ सालीं निघालेल्या त्याच्या ग्रंथानें जगभरच्या कारखान्यांची रीत पालटली, ह्यांत संशय नाहीं.

टेलर निर्दय मनुष्य नव्हता. मजुरास मजुरी जास्त मिळावी, त्यास विसांवा मिळावा, व धनी आणि मजूर यांचें भांडण मिटावें, अशी त्याची इच्छा होती. परंतु त्याच्या विचाराच्या मुळाशींच एक खोल दोष होता. विचार करणारे निराळे व हात हालविणारे निराळे, अशी मनुष्यांची वांटणी त्यानें केली. असल्या कामास योग्य अशा मजुराची तुलना त्यानें आपल्या ग्रंथांत बैलाशीं केली आहे. ज्या सालीं तो ग्रंथ निघाला, त्याच सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रांच्या कारखान्यांतील ओतारी कामगारांनीं संप केला. हातांत घड्याळ घेऊन कोणी तरी आपल्या प्रत्येक हालचालीचे क्षण मोजीत उभें राहावें, हें त्यांस सहन झालें नाहीं. पोट भरलेल्या माणसासही मान हवा असतो, ही गोष्ट टेलरच्या हिशेबांत आली नव्हती.

डोकें एकाचें व हात दुसऱ्याचे, ही वांटणी आमच्या देशास कांहीं नवी नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं तिचीं फळें चाखलीं आहेत. महारवतनाच्या नांवाखालीं वेळीं अवेळीं गांवकीचें काम सांगितलें जाई. बाप आजारी पडला तर मुलास जावें लागे. आणि त्याच्या बदल्यांत जमिनीचा लहानसा तुकडा व बलुतें मिळे. डॉक्टर आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत ह्याविरुद्ध बिल आणिलें. पण तें वतन कायद्यानें रद्द होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. धाकानें घेतलेल्या कामास आमच्या भाषेंत ‘वेठ’ म्हणतात, आणि मन नसतां उरकलेल्या कामास आजही ‘वेठ वारली’ असेंच म्हणतात. ज्या कामांत करणाऱ्याचें मन नाहीं तें काम कसें होतें, हें भाषेनें ह्या दोन शब्दांत सांगून ठेविलें आहे.

आतां दुसरा प्रयोग पाहूं. शिकागो शहराजवळ हॉथॉर्न येथें टेलिफोनचें सामान बनविण्याचा एक मोठा कारखाना होता. तेथें १९२४ सालापासून, उजेड वाढविला तर काम वाढतें काय, हें पाहण्यांत आलें. उजेड वाढविला तेव्हां काम वाढलें. पण तो कमी केला तेव्हांही तें फारसें घटलें नाहीं. पुढें १९२७ सालीं पांच तरुण कामकरणींस एका निराळ्या खोलींत बसवून विसाव्याच्या वेळा, फराळ व कामाचे तास यांत फेरफार करून पाहिले. काम बहुधा वाढतच गेलें. एल्टन मेयो वगैरे अध्यापकांनीं ह्यावरून असें अनुमान काढिलें कीं, आपणांस कोणी विचारतें, आपल्याकडे कोणी माणूस म्हणून पाहतें, ह्या जाणिवेनेंच मनुष्य उत्साहानें काम करितो.

ह्या अनुमानांत सत्य आहे. परंतु गोष्टीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. त्या पांचांपैकीं दोघींस १९२८ सालीं, त्या फार बोलतात व ऐकत नाहींत म्हणून, काढून टाकून दुसऱ्या दोघी बसविल्या होत्या. आणि मजुरी देण्याची रीतही त्या खोलीपुरती बदलली होती. त्याच कारखान्यांत १९३१-३२ सालीं तारा जोडणाऱ्या १४ पुरुषांचें निरीक्षण केलें, तेव्हां निराळेंच दिसलें. त्यांनीं दिवसाचें काम किती करावयाचें हें आपसांत ठरवून टाकिलें होतें, व कोणी जास्त केलें तर बाकीचे त्यास टोमणे मारीत. कारण त्यांस भय होतें कीं, जास्त काम दिसलें तर धनी दर कमी करील किंवा माणसें कमी करील. म्हणजे मजूर आळशी नव्हते. धन्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ‘पाट्या टाकणें’ ही त्यांची ढाल होती.

तिसरा प्रयोग मुलांवरील आहे, व तो शिक्षकांनीं विशेष लक्षांत ठेवावा. कुर्त लेविन हा यहूदी पंडित हिटलरच्या राज्यामुळें १९३३ सालीं जर्मनी सोडून अमेरिकेंत आला. हुकुमशाहीनें माणसाचें काय होतें, हा त्याच्या जीवाचा प्रश्न होता. त्याची आई पुढें त्याच राज्याच्या छळास बळी पडली. आयोवा येथें त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं दहा वर्षांच्या मुलांचे लहान लहान संघ करून त्यांवर तीन तऱ्हेचे पुढारी नेमिले, व १९३९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिला पुढारी सर्व कांहीं स्वतः ठरवून हुकूम देई. दुसरा मुलांबरोबर विचार करून काम ठरवी व त्यांत मदत करी. तिसरा मुलांस मोकळें सोडून बाजूस बसे. हुकूम देणाऱ्या पुढाऱ्याच्या हाताखालीं काम पुष्कळ झालें. पण तो खोलीबाहेर जातांच तें थंडावे. तेथील मुलें एक तर मुकीं व निरुत्साही होत, नाहीं तर आपसांत भांडून एखाद्या दुबळ्या सोबत्यावर राग काढीत. दुसऱ्या संघांत पुढारी बाहेर गेला तरी काम चालूच राही. तिसऱ्यांत काम सर्वांत कमी झालें.

वाचकहो, ह्यांत दोन धडे आहेत. पहिला असा कीं, धाकाचें काम धाक दिसेपर्यंतच टिकतें. दुसरा धडा ह्याइतकाच महत्त्वाचा आहे. विश्वास टाकणें म्हणजे हात झटकून बाजूस बसणें नव्हे. “मी कोणास कांहीं बोलत नाहीं, ज्यानें त्यानें आपलें पाहावें,” असें म्हणणारा पुढारी भला दिसतो, पण तो आपलें कर्तव्य टाळीत असतो. माणसास काम समजावून देणें, तें पाहणें, चुकल्यास दाखविणें, हें सर्व विश्वासाचेंच अंग आहे.

१९६० सालीं डग्लस मॅकग्रेगर नांवाच्या अमेरिकन अध्यापकानें हा सर्व विचार दोन बाजूंस मांडिला. एक पक्ष समजतो कीं, मनुष्य स्वभावानेंच कामचुकार आहे, म्हणून त्यास हांकलें पाहिजे. दुसरा समजतो कीं, खेळ व विसांवा यांप्रमाणें कामही मनुष्यास स्वाभाविक आहे, व कामांत आपलेपणा वाटल्यास तो जबाबदारी स्वतः होऊन घेतो. पहिलें मत स्वतःच स्वतःस खरें करून दाखवितें, हें मॅकग्रेगरनें नीट ओळखिलें. धनी चाकरास चोर समजून कुलपें लावितो, चाकर म्हणतो, “चोर ठरलोंच आहों, मग प्रामाणिकपणा कोणासाठीं?” आणि धनी म्हणतो, “पाहा, मी सांगत नव्हतों!”

येथें कोणी विचारील, “मग मजुरीस कांहींच किंमत नाहीं काय?” आहे, आणि मोठी आहे. हर्झबर्ग व त्याच्या सोबत्यांनीं पिट्सबर्ग भागांतील सुमारें २०० इंजिनियर व हिशेबनीस यांस विचारून १९५९ सालीं असें दाखविलें कीं, तुटपुंजी मजुरी व वाईट वागणूक यांनीं मन विटतें. तीं दूर केल्यानें विटणें थांबतें. परंतु उत्साह येतो तो कामाची किंमत ओळखली गेल्यानें व जबाबदारी मिळाल्यानें. ह्या मताविरुद्धही पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तरी एवढें निश्चित कीं, ज्या धन्यानें पोटापुरती मजुरी दिली नाहीं, त्यानें स्तुतीच्या शब्दांनीं ती उणीव भरूं पाहणें ही फसवणूक आहे. शाबासकीनें चूल पेटत नाहीं.

आतां मुख्य नीतिप्रश्नाकडे वळूं. वरील विद्वानांपैकीं बहुतेकांनीं धन्यास असें पटविलें कीं, माणसांस मानानें वागवा, म्हणजे काम जास्त होईल व नफा वाढेल. हें खरें असेल. पण केवळ नफ्यासाठीं दाखविलेला मान हा मान आहे काय? गळास लाविलेला दाणा माशाच्या भुकेसाठीं नसतो. जो धनी लाभासाठीं गोड झाला, तो धाकांत जास्त लाभ दिसतांच पुन्हा कडू होईल. आणि चाकर हें लवकर ओळखितो. मोलकरी व मेंढपाळ यांच्यांतील भेद आमच्या वाचकांस चांगला ठाऊक आहे. दोघेही कळप चारितात. परंतु एकाची नजर मोलावर असते व दुसऱ्याची मेंढरांवर. आमच्या मतें उत्तर असें आहे कीं, चाकरास मान द्यावा तो लाभ होतो म्हणून नव्हे, तर तो त्याचा हक्क आहे म्हणून. मग लाभ झाला तर चांगलेंच, नाहीं झाला तरी ऋण फिटलें.

असें वागणें व्यवहारांत चालत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं दोन गोष्टी पाहाव्या. १९५३ सालीं अहमदाबाद येथील कॅलिको गिरणींत नवे स्वयंचलित माग आले होते. पण प्रत्येक मजुरास कामाचा एकेक तुकडा तोडून दिल्यामुळें काम नीट होईना. राइस नांवाच्या इंग्रज संशोधकानें लहान टोळ्या करून प्रत्येक टोळीकडे कांहीं माग सर्वस्वीं सोंपवावे असें सुचविलें. मजुरांनीं ती कल्पना उचलून आपल्या टोळ्या आपणच जमविल्या, आणि काम सुधारलें. दुसरी गोष्ट तर आमच्या गांवची आहे. इर्जिक घातली म्हणजे शेजारी आपापले बैल घेऊन येतात, दिवसभर नांगर धरितात, व मजुरी न मागतां जेवून जातात. तेथें मुकादम कोठें असतो? उद्यां माझ्याही शेतावर हेच येतील, ही खात्री तेथें मुकादमाचें काम करिते.

ज्यांच्या हाताखालीं माणसें आहेत त्यांनीं स्वतःस चार प्रश्न विचारावे. मी पाठ फिरविल्यावर काम चालतें काय? मी जें काम सांगतों त्याचें कारणही सांगतों काय? ठरलेली मजुरी ठरल्या दिवशीं पदरीं पडते काय? आणि माझी चूक माझ्या हाताखालचा मनुष्य न भितां मला दाखवूं शकतो काय? ह्या चौथ्या प्रश्नास ज्यास ‘होय’ म्हणतां येईल, त्याच्या हातांतून पराणी केव्हांच गळून पडली आहे, असें समजावें.